मानांकन प्रवेशाआधीच लेखी सांगा: अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या संस्थाचालकांना आणि प्राचार्यांना खुले पत्र

महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांचे सर्व संस्थाचालक आणि प्राचार्य यांना,

सप्रेम नमस्कार.

बारावीचा निकाल आणि सीईटीचे पर्सेंटाइल जाहीर झाले की आपल्या महाविद्यालयांचे फलक गावोगाव लागतात. एआयसीटीई मान्यताप्राप्त, नॅकची अमुक श्रेणी, इतक्या लाखांचे पॅकेज, कॅम्पसवर येऊन गेलेल्या कंपन्यांची बोधचिन्हे. या सगळ्यात एक माहिती क्वचितच दिसते: कोणत्या शाखेला एनबीएचे, म्हणजे एकेक अभ्यासक्रम तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचे, मानांकन आहे, ते टियर-१ चे की टियर-२ चे (या त्याच्या दोन वर्गवाऱ्या, फरक पुढे सांगते), आणि कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत. ही माहिती प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात प्रवेशाआधी लेखी पडावी, ही माझी मुख्य मागणी आहे.

मी स्थापत्य अभियंता आहे. मराठवाड्यातल्या एका संलग्न महाविद्यालयातून बीई झाले, पुण्यात पुलांच्या डिझाइनचे काम केले आणि आता मेलबर्नमध्ये तेच काम करते. इकडे येऊ पाहणारे, कॅनडा-जर्मनीच्या तयारीत असलेले, आखातात नोकरी करणारे आपले तरुण अभियंते कागदपत्रांच्या अडचणी घेऊन मला फोन करतात. मी आधी एकच विचारते: तुमचा कोर्स पास होण्याच्या वर्षी एनबीए मानांकित होता का, आणि कुठल्या टियरमध्ये? बहुतेक जण सांगतात, 'कॉलेज एआयसीटीई अप्रूव्ह्ड आहे, नॅकही आहे.' चार वर्षे शिकून, पदवी हातात घेऊन, नोकरी करून झाल्यावरही हा प्रश्न ते पहिल्यांदाच ऐकत असतात. हा दोष मी त्या मुलांना देत नाही. त्यांना हे कुणी सांगितलेच नाही.

तीन संस्था आणि त्यांची तीन वेगळी कामे आहेत, हे आपल्याला ठाऊकच आहे. पण हे पत्र पालकही वाचतील, म्हणून लिहिते. एआयसीटीईची, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची, मान्यता म्हणजे महाविद्यालय चालवण्याची, इतक्या जागा भरण्याची परवानगी. नॅक संपूर्ण संस्थेचे मूल्यांकन करते. तिथे कला शाखेचे महाविद्यालय आणि अभियांत्रिकीचे महाविद्यालय एकाच पद्धतीने तपासले जाते. एनबीए, म्हणजे नॅशनल बोर्ड ऑफ अ‍ॅक्रेडिटेशन, एकेक अभ्यासक्रम तपासते. त्यामुळे एकाच इमारतीतली मेकॅनिकल शाखा मानांकित असू शकते आणि शेजारची सिव्हिल नसू शकते. मानांकन ३ किंवा ६ वर्षांसाठी मिळते आणि मुदत संपली की पुन्हा तपासणी होते. परदेशातल्या अभियंता संस्था जेव्हा भारतीय पदवीला मानांकन आहे का असे विचारतात, तेव्हा त्यांना यातली तिसरी गोष्ट हवी असते. पहिल्या दोन कितीही ठळक छापल्या तरी तिथे उपयोगी पडत नाहीत.

याचे मूळ वॉशिंग्टन करारात आहे. १९८९ मध्ये अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या सहा देशांच्या अभियांत्रिकी मानांकन संस्थांनी ठरवले की एकमेकींनी तपासलेले पदवी अभ्यासक्रम आपण समकक्ष मानायचे. आज त्यात वीसहून अधिक सदस्य आहेत. भारताला २००७ मध्ये तात्पुरते सदस्यत्व मिळाले आणि जून २०१४ मध्ये एनबीए पूर्ण सदस्य झाली. ही बातमी तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांत मोठ्या आनंदाने छापून आली होती: भारतीय अभियंत्यांना आता जगाची दारे खुली. मात्र त्यातली अट फारशी कुणाच्या लक्षात राहिली नाही. कराराचा लाभ फक्त टियर-१ मध्ये मानांकित अभ्यासक्रमांना आहे, तोही भारत पूर्ण सदस्य झाल्यानंतरच्या पदव्यांना.

टियर-१ मध्ये येतात त्या स्वायत्त संस्था, विद्यापीठांचे स्वतःचे विभाग, अभिमत विद्यापीठे. टियर-२ मध्ये येतात विद्यापीठाला संलग्न असलेली, स्वायत्तता नसलेली महाविद्यालये. या विभागणीमागे तर्क आहे आणि तो मला मान्य आहे. कराराच्या पद्धतीत अभ्यासक्रमाच्या शेवटी विद्यार्थ्याला नेमके काय करता येते हे पाहिले जाते, आणि ते कमी पडत असेल तर शिकवणाऱ्यांनी अभ्यासक्रम बदलावा अशी अपेक्षा असते. संलग्न महाविद्यालयाच्या हातात अभ्यासक्रमही नसतो आणि प्रश्नपत्रिकाही नसते. त्यामुळे तिथले प्राध्यापक कितीही जीव ओतून शिकवोत, तो अभ्यासक्रम कराराच्या कक्षेत येत नाही. महाराष्ट्रातल्या असंख्य मुलांची पदवी अशाच संलग्न महाविद्यालयांतून येते. लातूर, बीड, जळगाव, सांगली, बुलढाणा, सिंधुदुर्ग इथल्या घरांनी कर्ज काढून भरलेल्या शुल्काची ती पदवी असते.

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण मी जवळून पाहिले आहे, म्हणून तपशिलात सांगते. स्थलांतरासाठी अभियंत्याच्या पात्रतेची तपासणी इथे इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया ही संस्था करते. टियर-१ मानांकित अभ्यासक्रमातून २०१४ नंतर पदवी घेतलेला अर्जदार पदवी, गुणपत्रके, इंग्रजी परीक्षेचा निकाल आणि ओळखीचे कागद जोडतो. त्याच्या शिक्षणाचा दर्जा कराराने आधीच मान्य झालेला असतो. बाकीच्यांना सीडीआर, म्हणजे आपली क्षमता कामातून दाखवून देणारा अहवाल, लिहावा लागतो. त्यात तीन करिअर एपिसोड येतात, प्रत्येक १००० ते २५०० शब्दांचा. प्रत्येकात एका प्रकल्पावर आपण स्वतः काय केले ते परिच्छेदांना क्रमांक देऊन लिहायचे: कोणता पर्याय का निवडला, आकडेमोड कशी केली, चूक कुठे सापडली, निर्णय कुणाचा होता. मग एक गोषवारा, ज्यात संस्थेने ठरवलेल्या प्रत्येक क्षमतेसमोर आपल्या लिखाणातल्या परिच्छेदाचा क्रमांक टाकायचा. शिवाय पदवीनंतर काय काय शिकलात त्याची यादी.

माझी पदवी २०१४ च्या आधीची, त्यामुळे मला हाच मार्ग होता आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्याने आपल्याकडे साइटवर बिलिंग, मजुरांची हजेरी आणि कंत्राटदाराचा पाठपुरावा यातच पहिली वर्षे घालवली, त्याच्यासाठी हे लिखाण फार अवघड असते. डिझाइन ऑफिसात झालेल्या कामावर त्याचे नाव नसते. आपल्याकडे काम सगळ्यांचे मिळून होते आणि सही साहेबांची असते. मग तो गूगलवर शोधतो आणि तयार सीडीआर विकणाऱ्या एजंटांच्या जाळ्यात सापडतो. इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया प्रत्येक अर्ज नक्कल पकडणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढते. उसना मजकूर सापडला की अर्ज नामंजूर होतो आणि पुढे काही काळ दारही बंद होते. चांगले काम केलेली, खरोखर हुशार मुले अशी अडकलेली मी पाहिली आहेत. त्यांच्यासोबत शिकवणीला जाणारा, थोडे कमी गुण मिळवलेला, पण स्वायत्त महाविद्यालयात गेलेला मित्र त्याच अर्जातून काही कागद जोडून मोकळा होतो. प्रवेशासाठी महाविद्यालयांचा पसंतीक्रम देणारा ऑप्शन फॉर्म भरताना हा फरक दोघांपैकी कुणालाच माहीत नव्हता.

आखातातली गोष्ट याहून कठोर आहे, कारण तिथे लोकांच्या चालू नोकऱ्या पणाला लागल्या. २०१८ मध्ये कुवेतने अभियंता म्हणून काम करणाऱ्या परदेशी लोकांच्या वर्क परमिटच्या नूतनीकरणासाठी कुवेत सोसायटी ऑफ इंजिनिअर्सचे ना-हरकत पत्र सक्तीचे केले, आणि सोसायटीने भारतीय पदव्यांसाठी एनबीएची यादी प्रमाण मानली. एनबीएची स्थापनाच १९९४ ची. त्याआधी पदवी घेतलेल्या, तेलाच्या प्रकल्पांवर आणि बांधकामांवर हयात घालवलेल्या माणसांकडे मानांकन असणे शक्यच नव्हते. एनबीएकडे कधीच न गेलेल्या नामवंत संस्थांचे पदवीधरही त्यात सापडले. भारत सरकारला हा विषय कुवेतपुढे मांडावा लागला. अनेकांनी नोकरी टिकवण्यासाठी परमिटवरचा 'अभियंता' हा हुद्दा सोडून दुसरा स्वीकारला. वॉशिंग्टन कराराशी कुवेतचा काही संबंध नव्हता, टियरचा प्रश्न नव्हता. तिथे फक्त मानांकन आहे की नाही एवढेच पाहिले गेले. उद्या दुसरा एखादा देश असाच निकष लावणार नाही, याची हमी कुणी देऊ शकत नाही. म्हणून टियर-२ चे मानांकनसुद्धा मोलाचे आहे, आणि ज्या महाविद्यालयांनी कष्टाने ते मिळवले आहे त्यांनी ते झाकून ठेवू नये.

मानांकन म्हणजे परवाना नव्हे, हेही मुलांना सांगायला हवे. वॉशिंग्टन करार शिक्षणाचे समकक्षत्व मान्य करतो, सही करण्याचा अधिकार देत नाही. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड राज्यात व्यावसायिक अभियंत्याला नोंदणी लागते, व्हिक्टोरिया राज्याने २०१९ मध्ये तसाच कायदा केला. कॅनडात प्रत्येक प्रांताची नियामक संस्था वेगळी. ओंटारिओच्या संस्थेने २०२३ मध्ये कॅनडातल्याच अनुभवाची अट काढून टाकली, ही आपल्या लोकांसाठी मोठी सोय झाली. पण कायदा-नीतिमत्तेची परीक्षा आणि अनुभवाची छाननी आहेच. तिथला हा काटेकोरपणा उगाच आलेला नाही. २९ ऑगस्ट १९०७ रोजी कॅनडातल्या क्वेबेकचा पूल बांधकाम चालू असतानाच नदीत कोसळला आणि ७५ कामगार गेले. डिझाइनमध्ये पुलाचे स्वतःचे वजनच कमी धरले गेले होते. पुलांचे काम करणारी बाई म्हणून सांगते, सही कोण करतो हे समाजाने विचारायलाच हवे. जर्मनी तर या करारात नाहीच. तिथे तुमचे विद्यापीठ आणि तुमची पदवी 'अनाबिन' या सरकारी माहितीकोशात कोणत्या शेऱ्यासह नोंदली आहे ते पाहतात.

आपल्याकडे वास्तुविशारदांसाठी १९७२ चा कायदा आहे, वकिलांसाठी १९६१ चा, डॉक्टरांसाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आहे. अभियंत्यांची देशव्यापी कायदेशीर नोंदवही आजवर उभी राहिली नाही. त्यामुळे 'तुमच्या देशात तुम्ही कुणाकडे नोंदणीकृत आहात?' या प्रश्नाला आपल्या मुलांकडे ठोस उत्तर नसते. दाखवायला उरते ती पदवी आणि तिच्यामागचे मानांकन. म्हणून या एका कागदावर इतका भार येतो.

आता कागदपत्रांविषयी, कारण तेही आपल्या कार्यालयातूनच सुरू होते.

कॅनडासाठी पदवी तपासणाऱ्या संस्थांना ट्रान्सक्रिप्ट (सर्व वर्षांचे एकत्रित अधिकृत गुणपत्रक) विद्यार्थ्याकडून चालत नाही, विद्यापीठाकडून थेट लागते. काही ठिकाणी प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम, तासिकांसह आणि शिक्का मारून मागतात. ज्याने २००३ किंवा २००८ च्या पॅटर्नने परीक्षा दिल्या त्याला तो अभ्यासक्रम आज मिळणार कुठे? ओळखीच्या एका मुलीला तिच्या विभागात सांगितले गेले की जुनी सिलॅबसची पुस्तके रद्दीत गेली. तिने शेवटी एका निवृत्त प्राध्यापकांच्या घरून ती मिळवली, स्कॅन केली आणि शिक्क्यासाठी पुन्हा कॉलेजच्या पायऱ्या चढली. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांना तंत्रशिक्षण मंडळाचे कागद वेगळे जमवावे लागतात. आखातातल्या काही देशांसाठी एचआरडी अटेस्टेशन (राज्याच्या शिक्षण विभागाकडून पदवीचे साक्षांकन), परराष्ट्र मंत्रालय, दूतावास अशी रांग वेगळीच.

नावांचा घोळ तर खास आपल्या राज्याचा. आपल्या गुणपत्रिकांवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचे नाव, शेवटी आईचे नाव. परदेशातला कारकून शेवटचा शब्द आडनाव समजतो आणि मुलाचे आडनाव 'सुनंदा' होते. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींकडे राजपत्र असते, विवाह नोंदणी असते, तरी गुणपत्रिका आणि पासपोर्ट एकाच व्यक्तीचे आहेत हे त्यांना पुन्हा पुन्हा सिद्ध करावे लागते. विद्यापीठांचीही नावे बदलली: मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार १९९४ मध्ये, पुण्याचा २०१४ मध्ये, उत्तर महाराष्ट्राला बहिणाबाईंचे नाव २०१८ मध्ये, सोलापूरला अहिल्यादेवींचे २०१९ मध्ये. ही नावे आपल्या अभिमानाची आहेत. पण प्रवेश एका नावाच्या विद्यापीठात आणि पदवी दुसऱ्या नावाची, असे पाहिले की तपासणाऱ्याला शंका येते. काही महाविद्यालये मधल्या काळात लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाला संलग्न झाली, त्यामुळे पाठोपाठच्या दोन बॅचच्या पदव्यांवर वेगळी विद्यापीठे असू शकतात. 'हे आणि ते विद्यापीठ एकच आहे' किंवा 'महाविद्यालय तेच, संलग्नता या वर्षी बदलली' असे इंग्रजीतले अर्ध्या पानाचे प्रमाणपत्र संकेतस्थळावर ठेवायला फारसा खर्च येत नाही. नावाचा क्रम समजावणारे पत्रही तसेच ठेवता येईल.

आपल्यातले काही जण म्हणतील, बाहेर जाणाऱ्या थोड्या मुलांसाठी एवढा खटाटोप कशाला? त्यांना माझे सांगणे आहे की मानांकनासाठी जे करावे लागते, ते इथेच राहणाऱ्या मुलालाही लागते. पुरेसे प्राध्यापक, चालू स्थितीतली यंत्रे, सर्व्हेला प्रत्यक्ष हातात मिळणारे टोटल स्टेशन हे मोजणीयंत्र, केलेल्या प्रकल्पाची खरी छाननी. अंतिम वर्षाचा प्रकल्प विकत आणून जमा करण्याची चाल जिथे बंद झाली, तिथल्या मुलाला पुण्यातल्या मुलाखतीतही बोलता येते. आणि बाहेर जाणे हे काही आजचे खूळ नव्हे. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून अभियंता झालेले विश्वेश्वरय्या, ज्यांच्या तसबिरीला आपण १५ सप्टेंबरला हार घालतो, १९०६ मध्ये पाणीपुरवठ्याच्या कामासाठी एडनला (आजच्या येमेनमधले बंदर) गेले होते.

दुसरे काही जण म्हणतील, टियर-१ आमच्या हातात कुठे आहे? संलग्न आहात तोवर नाही, हे खरे. पण गेल्या काही वर्षांत राज्यातली बरीच महाविद्यालये स्वायत्त झाली. स्वायत्तता मिळाली म्हणजे टियर-१ आपोआप मिळत नाही, त्यासाठी एनबीएकडे त्या वर्गवारीत अर्ज करून तपासणीला सामोरे जावे लागते. काही ठिकाणी स्वायत्ततेचा सोहळा झाला, नवे अभ्यासक्रम आले, शुल्क वाढले, आणि हा अर्ज मात्र राहून गेला. संस्थाचालकांनो, आपल्या प्राचार्यांना पुढच्या बैठकीत याबद्दल विचारा. प्राचार्यांनो, संस्थाचालकांनी विचारण्याची वाट पाहू नका.

तर मला नेमके काय हवे ते सांगते. यंदाच्या कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेऱ्यांचे ऑप्शन फॉर्म भरायला सुरुवात होण्याआधी प्रत्येक महाविद्यालयाने संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर आणि माहितीपुस्तिकेत एक तक्ता द्यावा: शाखा, मानांकन आहे की नाही, टियर, कधीपासून कधीपर्यंत. नसेल तर 'नाही' असे स्पष्ट लिहावे. 'अर्ज केला आहे' हे मानांकन नव्हे, ते त्या रकान्यात घालू नये. मुदत मध्येच संपली तर शिकत असलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला लेखी कळवावे. एनबीएची जुनी पत्रेही संकेतस्थळावरून काढू नयेत, कारण दहा वर्षांनी कुणाला तरी आपण पास झालो तेव्हा मानांकन चालू होते हे दाखवायचे असते. राज्याच्या सीईटी कक्षाकडेही हाच तक्ता पाठवावा आणि तो महाविद्यालयाच्या कोडशेजारी छापावा असा आग्रह धरावा. कटऑफ छापता येतो तर हेही छापता येईल. प्रत्येक पॅटर्नचा अभ्यासक्रम स्कॅन करून ठेवावा. ट्रान्सक्रिप्ट, बॅकलॉगचा दाखला, माध्यमाचा दाखला किती दिवसांत मिळेल ते जाहीर करावे आणि त्यासाठी एका माणसाचे नाव आणि ईमेल द्यावा. मेलबर्नहून किंवा मस्कतहून पोरगा खिडकीशी येऊन उभा राहू शकत नाही, त्याचे म्हातारे वडील तालुक्याच्या गावाहून एसटीने येतात.

एनबीएच्या तपासणीत माजी विद्यार्थ्यांचे आणि नोकरी देणाऱ्यांचे अभिप्राय लागतात, अभ्यासक्रम ठरवताना उद्योगातली माणसे लागतात. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, जर्मनी, आखात इथे काम करणारे महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांचे पदवीधर हे काम आनंदाने करतील. आमच्यातल्या बऱ्याच जणांनी त्यांच्या कॉलेजांना तसे कळवलेही आहे. प्रकल्पांचे परीक्षण ऑनलाइन करू, करिअर एपिसोड कसा असतो हे अंतिम वर्षाच्या मुलांना दाखवू, अभ्यास मंडळाच्या बैठकीला आमच्या रात्री जागून बसू. आपण बोलवा.

आपली,
मराठवाड्यातल्या एका संलग्न महाविद्यालयाची माजी विद्यार्थिनी,
मेलबर्न